मि. स्ट्रॉड यांची पानं कोण लिहितं

मंगळवार, ३० ऑक्टोबर १९५१

काल लिहिलेल्यात एक चूक आहे, ती आधी दुरुस्त करते. मी लिहिलं होतं की विहिरीजवळच्या प्रसंगातलं शेवटचं वाक्य मि. स्ट्रॉड यांनी माझ्यासमोर, उभ्या उभ्या बदललं. तसं झालं नाही. 'हे वाक्य माझ्या तोंडात बसत नाही,' असं नायिकेने म्हटल्यावर त्यांनी दोन वाक्यं सुचवली. दोन्ही लाकडासारखी होती. मग 'सगळे कॉफी प्या' म्हणून ते सेटमागच्या टेलिफोनकडे गेले. परत आले तेव्हा नवं वाक्य त्यांच्यापाशी होतं. वाक्य इतकं चांगलं होतं की मधला टेलिफोन मी विसरूनच गेले.

हे विसरणं मला शोभत नाही. स्टुडिओत माझं काम स्क्रिप्ट गर्लचं. कॅमेऱ्याशेजारी उंच स्टुलावर बसायचं आणि कुणाच्या कोणत्या हातात पेला होता, सिगारेट किती जळली होती, टोपी कुठे कलली होती ते टिपायचं, म्हणजे तोच प्रसंग चार दिवसांनी पुढे घेतला तरी पडद्यावर जोड दिसत नाही. शिवाय मला शिकवलंय हॅना आत्याने. बाराव्या वर्षापर्यंत मी शाळा पाहिली नाही. बाबांनी बायबल आणि गणित शिकवलं, आत्याने अक्षर आणि दैनंदिनी. तिचा नियम एकच: डोळ्यांनी पाहिलेलं वेगळं लिही, मनाला वाटलेलं वेगळं लिही.

पाहिलेलं: वाक्य टेलिफोनवरून आलं.

वाटलेलं: ते मि. स्ट्रॉड यांचं नव्हतं.

बुधवार, ३१ ऑक्टोबर

आज आणखी एक. सकाळी मि. स्ट्रॉड नवी निळी पानं हातात घेऊन आले (बदललेली पानं निळ्या कागदावर येतात) आणि सगळ्यांना वाचून दाखवू लागले. दुसऱ्या पानावर खेचरवाल्याचा विनोद आहे. तिथे ते थांबले, पुढची ओळ डोळ्यांनी वाचली आणि खो खो हसले. डोळ्यांत पाणी आलं. स्वतः रात्री लिहिलेल्या विनोदाला असं हसतात का?

कपडेपटाच्या ओपल डिगनना विचारलं. त्या नायिकेच्या झग्याला टाके घालत होत्या.

"अगं, स्वतःच्या विनोदावर हसणारे पुरुष मी तीस वर्षं बघतेय," तोंडात टाचण्या धरून त्या म्हणाल्या. "माझा नवरा त्यातलाच. मेला तोही हसता हसताच."

"पण हे पहिल्यांदाच ऐकल्यासारखं हसले."

ओपलनी टाचण्या तोंडातून काढल्या. "पोरी, तू टोपीची नोंद कर. टोपीखालच्या माणसाची नको."

त्या मि. स्ट्रॉड यांच्या बाजूच्या आहेत हे लक्षात ठेवायला हवं. ओपलकडूनच मला मि. स्ट्रॉड यांची सगळी कथा कळली आहे. टोपेकाच्या वर्तमानपत्रात बातम्या लिहायचे. मूकपटांच्या काळात इथे आले आणि पडद्यावरच्या पाट्यांची वाक्यं लिहू लागले. मग चौदा वर्षं दुसऱ्यांसाठी पटकथा. लिहिणारा वेगळा आणि दिग्दर्शक वेगळा, हा इथला रिवाज. मि. स्ट्रॉड भांडून भांडून दोन्ही झाले. 'लेखन आणि दिग्दर्शन: एमेट स्ट्रॉड', असं एकाच पाटीवर. न्यायालयावरच्या त्या एका चित्रपटाने त्यांचं नाव झालं. युद्धात सैन्यासाठी इटलीत चित्रण केलं. परत आल्यावर दोन चित्रपट पडले. हा 'मिठाची वाट' चालला नाही तर स्टुडिओ त्यांना दार दाखवणार, हे इथे झाडूवाल्यालाही माहीत आहे.

जेवताना संगीत विभागातल्या एका माणसाचा विषय निघाला. तो आता येत नाही. सप्टेंबरात वॉशिंग्टनची सरकारी चौकशी समिती शहरात बसली होती. कम्युनिस्ट होतास का आणि बरोबर कोण कोण होते, एवढंच विचारतात. तो गप्प बसला. जे गप्प बसतात त्यांना कोणताच स्टुडिओ काम देत नाही आणि त्यांच्याशी व्यवहार ठेवणाऱ्यालाही नाही. "मेल्यासारखेच ते," ओपल म्हणाल्या, "फक्त फुलं कुणी पाठवत नाही."

मला वाईट वाटलं. पण आमच्या चित्रपटात तसं कुणी नाही. वरच्या मजल्यावरचे स्टुडिओचे अधिकारी मि. टेट प्रत्येकाची पारख करूनच कामाला घेतात.

शुक्रवार, २ नोव्हेंबर

पाहिलेलं: काल दुपारी मि. स्ट्रॉड यांची उजव्या हाताची बोटं गाडीच्या दारात सापडली. डॉक्टरांनी चारही बोटं फळीला बांधली. डावा हात युद्धापासून अधू आहे, त्याने ते पेलाही नीट धरत नाहीत. तरी आज सकाळी नऊ नवी पानं आली. स्वच्छ टाइप केलेली, एकही खाडाखोड नाही.

"हे कुणी टाइप केलं?" मी विचारलं. नोंदीसाठी विचारावं लागतंच.

"बायकोने. मी सांगत गेलो, ती बडवत गेली."

मिसेस स्ट्रॉड सोमवारपासून बहिणीकडे सांता बार्बराला आहेत. त्यांचं तिकीट मीच आरक्षित केलं होतं.

ते माझ्याशी खोटं बोलले आणि बोलताना त्यांच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही.

रविवार, ४ नोव्हेंबर

व्हिटियरला घरी. प्रार्थनेच्या सभेत आमच्या रिवाजाप्रमाणे तासभर शांत बसलो, पण माझं मन शांत नव्हतं. अक्रोड झाडून झाले आहेत. बाबांचे हात सालींनी काळे पडलेत.

आमच्या क्वेकर पंथाच्या घरात सगळ्यांना 'तू' म्हणतात, गव्हर्नर आला तरी. स्टुडिओत मला सगळ्यांना 'तुम्ही' म्हणावं लागतं. आज मनातल्या मनात मि. स्ट्रॉड यांना 'तू' म्हणून पाहिलं. तू दुसऱ्याची पानं आपली म्हणून वाचतोस. एवढं वाक्य पुरे झालं.

मंगळवार, ६ नोव्हेंबर

औषधांच्या दुकानात कॉफी मिळते त्या काउंटरवर मि. टेट शेजारी येऊन बसले आणि माझ्यासाठीही डोनट मागवला. मी त्यांची आभारी आहेच. नोकरी लागली तेव्हा सगळ्यांना आपण कम्युनिस्ट नाही अशा एका निवेदनावर शपथ घ्यावी लागत होती. आम्ही शपथ घेत नाही. एरवी खरं बोलत नाही असा तिचा अर्थ होतो. कारकून माझ्यावर खेकसला होता. मि. टेट स्वतः खाली आले आणि म्हणाले, "त्यांना नुसतं 'मी खरं सांगते' म्हणू द्या. या लोकांच्या शब्दाला शपथेपेक्षा जास्त किंमत आहे."

आज म्हणाले, "अक्रोड कसे उतरले यंदा? वडिलांची पाठ बरी आहे ना?"

बाबांच्या पाठीचं मी त्यांना कधी सांगितलं ते आठवत नाही. सांगितलं असेल.

"काम कसं चाललंय, मिस मेंडेनहॉल? स्ट्रॉडसाहेब खूश दिसतात. पानं भराभर येतायत."

"हो. भराभर येतात."

"हात बांधलेला असून," ते म्हणाले आणि बोटांवरची साखर रुमालाला पुसली. "मला पडद्यावर योग्य जागी योग्य नाव दिसलं की बरं वाटतं. तुम्हालाही तसंच वाटत असणार."

मी डोनट संपवला. हे दुसऱ्याही कुणाच्या लक्षात आलंय, एवढ्यानेच मला किती हलकं वाटलं!

गुरुवार, ८ नोव्हेंबर

आज मी त्याला पाहिलं. सगळं क्रमाने लिहिते.

मि. स्ट्रॉड तापाने फणफणले होते. घोंगडी पांघरून खुर्चीत बसून चित्रण चालवत होते. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला कोपऱ्यात बोलावलं.

"लिडिया, तुमचे लोक खोटं बोलत नाहीत ना?"

"नाही."

"आणि चहाड्या?"

"त्याही नाही."

"मग एडनडेलला जा. टेकडीवरच्या जिन्याला लागून घर आहे, खिडकीला हिरवी झडप. व्हिकरी म्हणून आहेत, बायकोचे चुलतभाऊ, आजारी असतात. माझं टाइपिंग करतात. पानं घेऊन ये. स्टुडिओची गाडी नको, लाल ट्रामने जा. आणि एक स्टॉप आधी उतर."

"आधी का?"

"कारण मी सांगतोय, मुली."

एक स्टॉप आधी उतरले. मी दार वाजवलं तर पडदा हलला, पण दार उघडलं नाही. आतून बाईचा आवाज आला, "कोण?" मि. स्ट्रॉड यांनी पाठवलं म्हटलं. "तुझं नाव?" ते सांगितलं. "तुझं काम काय?" तेही सांगितलं. मग साखळी निघाली.

मिसेस व्हिकरी बारीक, नीटनेटक्या, चाळिशीच्या आत केस पांढरे झालेल्या. मी म्हटलं, "मिसेस व्हिकरी ना?" तर त्यांनी आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग म्हणाल्या, "हो. व्हिकरी." स्वतःचं नाव सांगायला बाई थांबल्या.

तो माणूस आजारी नाही. उंच आहे, वाकलेला, भर दुपारी घरातल्या चपला घालून. स्वयंपाकघरातल्या टेबलावर टाइपरायटर आणि त्याच्याखाली घडी घातलेली जाड रजई, म्हणजे आवाज शेजारी जाऊ नये. खिडकीचे पडदे ओढलेले.

पानं देण्याआधी त्याने विचारलं, "विहिरीजवळचं ते वाक्य. तिने कसं म्हटलं? घाईने, की थांबून?"

"थांबून. आधी बादली खाली ठेवली, मग म्हटलं."

"बादली खाली ठेवली!" तो बायकोकडे वळला. "ऐकलंस? मी तर बादली हातातच ठेवली होती. बादली ठेवणं एमेटला सुचलं असणार. करून दाखव ना मला."

मी करून दाखवलं. तो डोळे मिटून ऐकत होता. बायको त्याच्याकडे पाहत होती, माझ्याकडे नाही. लिहिणाऱ्याशिवाय दुसरा कुणी असं ऐकत नाही.

तो कधी सेटवर आला नाही. का, विचारलं, तर म्हणाला, "मला गर्दी सोसत नाही." बायको म्हणाली, "एप्रिलपासून आमच्याकडे फारसं कुणी येत नाही. तू थोडं सूप घे ना." मी घेतलं. बटाट्याचं, पातळ होतं.

परतताना आणखी एक गोष्ट. जिन्याच्या पायथ्याशी करडी प्लिमथ गाडी उभी होती. आत दोन माणसं, डोक्यावर हॅट. एकाच्या हातात वर्तमानपत्र. मी वर गेले तेव्हा घोड्यांच्या शर्यतीचं पान उघडं होतं. मी उतरले तेव्हाही तेच पान, तशीच दुमडलेली कडा. इतका वेळ कुणी शर्यतीचं एकच पान वाचत नाही. ते घरावर लक्ष ठेवून होते.

वाटलेलं: घरावर पहारा आहे. तो माणूस तिथून निघू नये, कुणाला भेटू नये, म्हणून.

शुक्रवार, ९ नोव्हेंबर

मि. स्ट्रॉड यांना गाडीबद्दल सांगितलं. त्यांचा चेहरा बघायचा होता मला. चेहरा राखेसारखा झाला.

"कोणता रंग? नंबर पाहिलास? तुला त्यांनी पाहिलं? तू कुणाला बोललीस?"

"कुणाला नाही."

"बोलू नकोस. तुझ्या देवाची शप... नाही, तुम्ही घेत नाही. नुसतं 'नाही बोलणार' म्हण."

मी म्हटलं नाही. चित्रणाची घंटा वाजली आणि ते वळले.

आपला पहारा उघडा पडला की माणूस असाच घाबरत असणार.

रविवार, ११ नोव्हेंबर

जेवताना नावं न घेता विचारलं, "एका माणसाला घरात कोंडून ठेवलंय आणि त्याच्या श्रमाचं फळ दुसराच आपल्या नावाने खातो. तर बघणाऱ्याने काय करावं?"

आत्याचे डोळे चमकले. "अगं, केझाया पणजीने काय केलं?"

ही आमच्या घरातली सर्वांत लाडकी गोष्ट. आयोवातलं घर, पिठाच्या पेट्यांमागची पोकळी आणि तिच्यात दक्षिणेतून पळून आलेली गुलाम माणसं. त्यांना पकडणारे दारात आले तेव्हा केझायाने त्यांना बसवून घेतलं, जेवू घातलं आणि अर्धा दिवस मक्याच्या भावाबद्दल बोलत ठेवलं. तोवर आतली माणसं मागच्या दाराने गाडीत बसून गेली.

बाबा म्हणाले, "हे तू स्वतः पाहिलंस, लिडिया?"

"हो."

"त्याने तुझ्याकडे मदत मागितली?"

"नाही."

"मग आधी त्याला विचार. केझाया आधी विचारायची, कुठे जायचंय तुला?"

बाबा बरोबर बोलतात. विचारल्याशिवाय काही करायचं नाही. पण मनात सगळं जागच्या जागी बसलं. मालक, राबणारा आणि गाडीतले पकडणारे. शंभर वर्षांत फक्त कपडे बदलले.

मंगळवार, १३ नोव्हेंबर

पुन्हा पानं आणायला गेले. या वेळी मि. स्ट्रॉड यांनी वेगळा रस्ता सांगितला, मागच्या गल्लीतून. प्लिमथ दिसली नाही. एक हिरवी गाडी होती, तीही रिकामी नव्हती.

मिसेस व्हिकरींनी माझा आवाज ऐकला आणि लगेच साखळी काढली. "ये गं. तू आलीस की यांचा दिवस चांगला जातो."

मि. व्हिकरींनी पुन्हा सेटवरचं सगळं विचारलं. मी खेचरवाल्याचा प्रसंग करून दाखवला. मि. व्हिकरी खुर्चीतून घसरेपर्यंत हसले. मग बाई म्हणाल्या, "हे आणि एमेट. एका टेबलाच्या दोन बाजूंना पंधरा वर्षं! हे लिहायचे, तो भांडायचा. आता तो सगळं एकट्याच्या डोक्यावर घेऊन हिंडतो, बिचारा."

पंधरा वर्षं! आणि बिचारा कोण, तर तो! माणसाला किती सवय होते.

मी बाबांनी सांगितलं तसं विचारलं. "मि. व्हिकरी, तुम्हाला इथून सुटायचं आहे का?"

त्यांनी हसून पाहिलं. "सुटून कुठे जाऊ, मुली?"

"तुमचं नाव पडद्यावर यावं असं वाटत नाही तुम्हाला?"

बाईंनी उठून रेडिओ मोठा केला. कसलंसं बँडचं संगीत लागलं होतं. मि. व्हिकरी पुढे वाकले. मग हळूच म्हणाले, "वाटतं. रोज वाटतं. सकाळी दाढी करताना वाटतं. पण हे तू पुन्हा कुठे बोलू नकोस हं. एमेटपाशीही नको, त्याला लागेल."

निघताना बाईंनी माझा हात धरला. "पुढच्या गुरुवारी थँक्सगिव्हिंगला ये. छोटीशी टर्की करणार आहे. दुसरं कुणी येणार नाही म्हणा, तेव्हा तुला दोन्ही तंगड्या." आणि त्या हसल्या. त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

बाबा, मी त्याला विचारलं. तो म्हणाला, वाटतं.

बुधवार, १४ नोव्हेंबर

मि. टेट भेटले. पुन्हा तोच काउंटर. मी सगळं सांगितलं नाही. फक्त म्हटलं, "पानं लिहिणारा दुसरा माणूस आहे असं मला वाटतं."

ते मुळीच चकित झाले नाहीत. केवढा संयम! फार हलक्या आवाजात विचारलं, "बिचारा एकटा असतो का? कोण कोण येतं त्याच्याकडे?"

"कुणी नाही. मीच."

"स्ट्रॉडसाहेब जातात?"

"आता जात नाहीत. पूर्वी जात असतील."

"आणि घर कुठे म्हणालात?"

मी म्हणाले नव्हते. तसं सांगितल्यावर ते चटकन म्हणाले, "अहो, तुमच्या मनाची तयारी झाल्याशिवाय नकोच." चित्रपटाबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. कोणता प्रसंग कुणाचा, हेही नाही. त्यांना पानांपेक्षा माणसाची काळजी जास्त वाटत असावी.

गुरुवार, १५ नोव्हेंबर

ओपलनी मला कपड्यांच्या खोलीत ओढून दार लावून घेतलं.

"टेटबरोबर डोनट खाल्लास म्हणे. दोनदा."

"ते सभ्य आहेत."

"सापही सभ्य असतो. अंगावरचे कपडे काढून नीट पसरून ठेवतो. त्याच्याबरोबर कॉफी प्यायलेली माणसं आता कुठे आहेत विचार एकदा. एकजण ओरेगनमध्ये गाड्या धुतो. संगीत विभागातला आमचा फिडलवाला गेला, त्याच्याआधी त्या विभागाची सेक्रेटरी टेटबरोबरच डोनट खात होती. काय सांगितलंस त्याला?"

"मी खोटं काही सांगितलं नाही."

"मी ते विचारलंच नाही, बाई!" त्यांचा आवाज चिरकला. "तुला घरी काय शिकवलंय, खरं म्हणजे दगड, उचलला की फेकायचा?"

मला रडू आलं. पण नंतर शांतपणे विचार केला. ओपलना मि. स्ट्रॉड यांनीच आपल्या प्रत्येक चित्रपटात काम दिलंय. मला घाबरवायला त्यांना कुणी पाठवलं असेल, ते उघड आहे.

संध्याकाळी स्वतः मि. स्ट्रॉड आले. सेट रिकामा होत होता. बोटांची फळी निघाली आहे. नखं अजून निळी आहेत.

"हल्ली तू माझ्याकडे बघत नाहीस, लिडिया."

मी टोप्यांची नोंद लिहीत राहिले.

"पुढच्या चित्रपटालाही तूच ये माझ्याबरोबर. तुझ्याइतके तेज डोळे मी पाहिले नाहीत." मग स्टुलाशेजारच्या पेटीवर बसले. फार थकलेले दिसत होते. "तुमच्या लोकांनी एकेकाळी माणसं लपवली होती, खरं ना? तळघरात वगैरे?"

"पिठाच्या पेट्यांमागे."

"हं. मग तुला मी काही समजावून सांगायची गरज नाही." ते उठले, माझ्या खांद्यावर थोपटलं आणि गेले.

केझाया पणजीचं नाव त्यांच्या तोंडी नव्हतं, तरी ती कथा त्यांनी विटाळली असं मला वाटलं. आधी नोकरीचं आमिष आणि मग माझेच पूर्वज. ज्याने माणूस कोंडला आहे त्याने, लपवणाऱ्यांची आठवण मला करून द्यावी!

शनिवार, १७ नोव्हेंबर

मंगळवारी शेवटचा प्रसंग चित्रित होईल आणि मग त्या एका पाटीवर ते नाव कायमचं बसेल. आता थांबता येणार नाही. काल मी मि. टेटना स्वतःहून भेटले.

एक शंका मनात आली होती, ती प्रामाणिकपणे लिहून ठेवते. मि. व्हिकरी त्या गप्प बसलेल्यांपैकी तर नसतील? एप्रिल, ओढलेले पडदे, बाई नाव सांगताना थांबल्या. काल जेवतानाही माझा घास हातातच राहिला. पण तसं असतं तर मि. टेटना माहीत असतं. ते तर सगळ्यांना ओळखतात. आणि तेच मला विचारत होते, तो दिसतो कसा, बायको कशी आहे, व्हिकरी हेच नाव त्याने सांगितलं का. ओळखणारा माणूस असं विचारेल का? मी शंका बाजूला ठेवली.

मी विचारलं, "त्यांचं नाव पाटीवर यायला किती दिवस लागतील?"

"आधी खरं नाव तर कळू दे आम्हाला," ते म्हणाले. "मग सगळं भराभर होतं."

"शपथ घ्यावी लागेल?"

"तुम्हाला? छे. तुम्ही नुसतं 'मी खरं सांगते' म्हणा."

बाबांना आज पत्र टाकणार होते, टाकलं नाही. झाल्यावर सांगेन. गुरुवारी आभाराच्या सणाला टर्की खायला जाईन तेव्हा त्या घरात खरंच आभार मानण्यासारखं काहीतरी असेल आणि पडदे उघडे असतील. ओपल माझ्याशी बोलत नाहीत. नंतर बोलतील. मि. स्ट्रॉड यांच्याबद्दल मला राग उरलेला नाही, हेही लिहिते. त्यांनी नायिकेला बादली खाली ठेवायला सांगितलं, ते छान होतं. ते त्यांचं आहे आणि ते त्यांच्या नावावर राहिलं पाहिजे. तेही मी सांगणार आहे.

टेकडीवरच्या घरांना नंबर धड नाहीत, म्हणून मी गाडीतून बरोबर जायचं ठरलं आहे. मि. टेट आणि त्यांचे दोन सहकारी असतील. सोमवारी, १९ नोव्हेंबरला, सकाळी दहा वाजता. ते जिन्यावर थोडे मागे थांबतील आणि दार मी वाजवीन. परका आवाज ऐकला की मिसेस व्हिकरी साखळी काढत नाहीत. माझा आवाज त्या ओळखतात.